पॅनिक अटॅक, मेंदूवरचं चुंबक आणि सोलापूरचा एक जॉबर

मी मानसोपचार करते. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं ‘हे काय होतंय’ असं विचारत येतात. हे कुटुंब उपाय ठरवूनच आलं होतं. नवरा, बायको आणि नवऱ्याची पुण्याला हडपसरमध्ये राहणारी थोरली बहीण, जिला घरात सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी फोन पुढे केला. व्हिडिओत एक माणूस खुर्चीत रेलून बसलेला, डोक्याला आठच्या आकड्यासारखं चपटं यंत्र टेकवलेलं, टकटक आवाज चाललेला. बायको म्हणाली, "मॅडम, पुण्यात हे मशीन हाय म्हणतेत. चुंबकानं पॅनिक जातंय म्हणं. पाटल्या मोडल्या तर महिन्याचा खर्च निघतोय बघा. करावं का नको, तेवढं सांगा."

(ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि कामाचे तपशील बदलले आहेत.)

त्या दिवशी मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मशीन खरं आहे (या उपचाराला टीएमएस, ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन म्हणतात), त्यामागचं शास्त्र खरं आहे, नैराश्यासाठी त्याला मान्यताही आहे. पण पॅनिक डिसऑर्डरच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांच्या आजाराच्या, उपचारात ते पहिल्या पायरीवर येत नाही, दुसऱ्याही नाही. हे गृहस्थ नेमके कोणत्या पायरीवर उभे आहेत, हे जुनी फाइल उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. पाटल्या सराफाकडे जाण्याआधी एवढं शोधून काढणं मला भाग होतं.

नऊ महिन्यांची फाइल

वय ४४. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या मागांवर वीसेक वर्षं जॉबर, म्हणजे माग जुळवणारा, दुरुस्त करणारा. माग अडला की नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. नंतर कर्ज काढून स्वतःचे आठ माग टाकले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बायको घरी विड्या वळते, मुलगा कॉलेजात.

पहिला अटॅक मे महिन्यात आला. भर दुपार, पत्र्याचं शेड, लाइट गेलेली. बंद मागाखाली वाकून काम करत होते. उठताना डोकं हलकं झालं, पाठोपाठ छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घसा आवळल्यासारखा, आणि आता आपण मरतो ही पक्की खात्री. कामगारांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी ठीक, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) ठीक, रक्तदाब जरासा वाढलेला. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घबराट लगेच उतरवणारी अल्प्राझोलामची गोळी दिली आणि घरी पाठवलं.

‘काही झालेलं नाही’ या वाक्याने माणसांची वर्षं वाया जाताना मी बघत आले आहे. ज्याला दहा मिनिटांपूर्वी मरण समोर दिसलं, त्याला काहीतरी झालेलं असतंच. त्याचं नाव त्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो शोधत फिरतो. हेही फिरले. टूडी इको, ट्रेडमिल टेस्ट, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. या तपासण्या एकदा व्हायलाच हव्यात, कारण थायरॉइडचा दोष, हृदयाच्या ठोक्यांची गडबड, रक्तातली साखर उतरणं, अगदी चहाकॉफीचा अतिरेकसुद्धा पॅनिकचं सोंग घेऊन येऊ शकतो. पण यांच्या फाइलीत त्याच तपासण्या तीन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या कागदांवर होत्या आणि तिन्ही वेळा सगळं नॉर्मल. मधल्या काळात ‘बाहेरचं’ असेल म्हणून गाणगापूरलाही जाऊन आले. त्याबद्दल मी त्यांना काही म्हटलं नाही. नॉर्मल रिपोर्ट हातात आणि जीव घाबराघुबरा, अशा अवस्थेत माणूस दिसेल ते दार ठोठावतो.

माझ्याकडे आले ते फेब्रुवारीत. तोवर आठवड्याला तीन-चार अटॅक. मोटारसायकल एकट्याने चालवणं बंद. शेडच्या दारापर्यंत जायचं, आत पाऊल टाकायचं नाही. लहानपणापासून सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा चुकवला नव्हता. त्या जानेवारीत घरात बसून राहिले. आणि पाकिटात सतत अल्प्राझोलामची पट्टी. कधी खायची, कधी नुसती चाचपायची.

फाइलीवर एका ठिकाणी लिहिलं होतं: दोन औषधं देऊन उपयोग नाही. याच ओळीमुळे अक्का मशीनपर्यंत पोचल्या होत्या, म्हणून ती ओळ मी धरून बसले. पहिलं औषध एसिटालोप्राम, सुरुवातच १० मिलिग्रॅमने. तिसऱ्या दिवशी धडधड वाढली, सहाव्या दिवशी गोळी बंद. दुसरं पॅरॉक्सेटिन, सुरुवातीच्याच डोसवर तीन आठवडे. झोप फार येते म्हणून तेही बंद. म्हणजे दोनपैकी एकाही औषधाला पुरेसा डोस मिळाला नव्हता, पुरेसा वेळही मिळाला नव्हता. या गटातली औषधं पहिल्या आठवड्यात घबराट थोडी वाढवू शकतात, म्हणून पॅनिकच्या रुग्णाला ती निम्म्या डोसने सुरू करायची असतात, आणि फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. हे सुरुवातीलाच सांगितलं असतं, तर तिसऱ्या दिवसाची धडधड त्यांनी कदाचित सोसली असती. मानसोपचाराचं तर फाइलीत नावही नव्हतं.

कुटुंबाला मी तेव्हा एवढंच सांगितलं: मशीनचा विचार करू, पण आधी जे व्हायला हवं होतं ते झालेलंच नाही. पाटल्या कपाटात राहू द्या.

जिना, स्ट्रॉ आणि फिरती खुर्ची

औषधांची बाजू शहरातल्या एका मनोविकारतज्ज्ञांनी घेतली. सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमने सुरू, आठवड्याने ५०, मग हळूहळू १५०. अल्प्राझोलामचा असर लवकर उतरतो आणि उतरताना पुन्हा घाबरवतो, म्हणून त्याच्या जागी त्याच गटातलं, पण जास्त वेळ टिकणारं क्लोनाझेपाम, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत.

माझं काम दुसरं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकची जी मांडणी केली, तिच्यावर आजही आमचा निम्मा व्यवसाय चालतो. शरीरात एखादी साधी खूण उठते, ठोका चुकतो, चक्कर येते. माणूस तिचा अर्थ ‘मरण’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा पुरवते. हे चक्र तोडायचं तर ती खूण मुद्दाम अंगावर घ्यावी लागते, पुन्हा पुन्हा, गोळी न घेता, पळून न जाता.

म्हणून बारीक स्ट्रॉने एक मिनिट श्वास. फिरत्या खुर्चीत गरगर. आणि आमच्या इमारतीचा जिना. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यावर थांबले, कठडा धरला, दुसरा हात छातीवर. तळवा दाबलेला नव्हता, नुसता टेकवलेला. मागाच्या चौकटीवर हात ठेवून कंप तपासावा, तसे ते स्वतःचे ठोके तपासत होते. मी घड्याळ धरून उभी. ठोके उतरायला लागले तेव्हा म्हणाले, "मॅडम, मोटर बंद केली तरी फ्लायव्हील फिरत राहतंय, तसंच हाय की ओ हे." इतक्या वर्षांत मला यापेक्षा नेमकं कोणी सांगितलेलं नाही. पुढच्या अनेक बैठकांत आम्ही दोघं तोच शब्द वापरत होतो.

पॅनिकची तीव्रता मोजायला सात प्रश्नांची एक मोजपट्टी असते, शून्य ते २८ गुणांची. फेब्रुवारीत त्यांचे गुण १९ होते. मेअखेर १२. अटॅक आठवड्याला एक-दोन. मुलगा मागे बसला तर मोटारसायकल चालवायला लागले. पण तिथून पुढे गाडी हलेना.

अडलं होतं ते वेगळ्या ठिकाणी. पहाटे तीनला जाग, मग झोप नाही. जेवण कमी. आठापैकी चार माग बंद, हप्ते थकलेले. घरी करायचा सराव वहीत लिहिलेला असायचा, केलेला नसायचा. "करून काय उपयोग," हे वाक्य येऊ लागलं. पॅनिकच्या आडून नैराश्य आत आलं होतं आणि आता तेच पुढे बसलं होतं. मी सरळ विचारलं: जगणं नको असं वाटतं का? म्हणाले, सकाळी जागच येऊ नये असं वाटतं, पण स्वतःहून काही करणार नाही. हे विचारल्याने मनात नसलेला विचार मनात येतो, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. विचारल्यावर माणसाचे खांदे सैल पडतात, हे मी रोज बघते. बायकोला आणि मुलाला बोलावून घरातली औषधं कोण सांभाळेल, रात्री कोण सोबत असेल, हे ठरवलं. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर तिघांच्या फोनमध्ये घातला. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

सर्ट्रालिनला पुरेसा वेळ दिल्यावर डॉक्टरांनी वेनलाफॅक्सिनवर आणलं. तेही पॅनिक आणि नैराश्य दोन्हींवर चालणारं औषध. सप्टेंबरपर्यंत पुरेसा डोस, पुरेसा काळ. मन किंचित वर आलं आणि तिथेच थांबलं. आता ‘दोन औषधं देऊन उपयोग नाही’ हे वाक्य खरं झालं होतं. अक्कांचा प्रश्न फेब्रुवारीत अवेळी होता. सप्टेंबरमध्ये तो मीच पुन्हा काढला.

चुंबक काय करतं, आणि किती माहीत आहे

बायकोचा पहिला प्रश्न, "शॉक देतेत का?" शॉक देत नाहीत. विजेच्या उपचारात रुग्णाला भूल देऊन मेंदूत नियंत्रित झटका आणतात. इथे भूल नाही, झटका नाही, माणूस जागा असतो आणि तासाभरात बसने घरी जाऊ शकतो. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र उठतं, एमआरआय यंत्रातल्या क्षेत्राच्या तोडीचं, पण काही शे मायक्रोसेकंदांपुरतं. ते कवटीतून आरपार जातं आणि खालच्या मेंदूत अगदी बारीक प्रवाह उठवतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. मेंदूसाठी ते पहिल्यांदा नीट वापरून दाखवलं इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी, १९८५ मध्ये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये ओसीडीसाठी (नको ते विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) त्याला परवानगी दिली. पॅनिक डिसऑर्डरसाठी अशी परवानगी नाही. जाहिरातीतली ही गाळलेली ओळ मी कुटुंबाला आधी वाचून दाखवली.

मग लोक पॅनिकसाठी ते करतात कशाच्या आधारावर? चुंबकाचे ठोके सेकंदाला एक किंवा त्याहून कमी असले तर खालचा भाग सहसा शांत होतो; सेकंदाला पाच-दहा असले तर तो चेततो. चिंतेच्या आजारांत मेंदूचा उजवा पुढचा भाग जास्त पेटलेला असतो, अशी एक धारणा आहे. म्हणून उजव्या बाजूला मंद ठोके. एक गैरसमज इथेच काढायला हवा. भीतीशी जोडलेला अमिग्डाला मेंदूत खोल आहे, आणि साध्या वेटोळ्याचा असर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. ‘भीतीच्या केंद्रावर चुंबक लावतात’ असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. पृष्ठभागावरच्या भागाला हलवून त्याच्याशी जोडलेल्या खोलच्या भागांवर परिणाम व्हावा, अशी अपेक्षा असते.

पुरावा तुटपुंजा आहे. प्रागमध्ये २००७ साली १५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत खरं आणि खोटं चुंबक यांत फरकच दिसला नाही. दोन्ही गट सुधारले. खोटं म्हणजे तसाच आवाज करणारं, पण मेंदूपर्यंत काही न पोचवणारं वेटोळं. न्यूयॉर्कची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, पॅनिक आणि नैराश्य दोन्ही असलेल्या २५ रुग्णांवर: उजवी बाजू, सेकंदाला एक ठोका, रोज १८०० ठोके, चार आठवडे. खऱ्या चुंबकाच्या गटात निम्म्या रुग्णांचं पॅनिक लक्षणीय कमी झालं, खोट्याच्या गटात ८ टक्के. २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी पॅनिकवरच्या चाचण्या गोळा केल्या, तेव्हा निकषांत बसणाऱ्या दोनच निघाल्या, दोन्ही मिळून ४० रुग्ण. त्यांचा निष्कर्ष: यावरून काही ठामपणे म्हणता येणार नाही. जर्मनीत डाव्या बाजूला वेगळ्या पद्धतीचे जलद ठोके देऊन पाहिले, तिथेही खोट्या चुंबकापेक्षा जास्त फायदा रुग्णांच्या त्रासात दिसला नाही.

हे सगळं मी त्यांच्यासमोर मांडलं. पाटल्या त्यांच्या होत्या, निर्णय त्यांचा होता; मी माझं मतही लपवलं नाही. नुसतं पॅनिक असतं तर मी नको म्हटलं असतं. त्यांना नैराश्य होतं, दोन औषधं नीट घेऊनही उरलेलं. त्या आजारासाठी हा उपचार मान्य आहे, आणि न्यूयॉर्कच्या चाचणीतले रुग्ण यांच्यासारखेच होते. तेव्हा नैराश्यासाठी करा, पॅनिकला फायदा झाला तर तो वरचा. मनोविकारतज्ज्ञांचंही हेच मत पडलं. नैराश्यासाठी डाव्या बाजूला जलद ठोके द्यायची पद्धत जास्त रुळलेली आहे, पण उजवीकडचे मंद ठोकेही नैराश्यावर वापरले जातात, त्यांत फिट येण्याचा धोका कमी मानतात, आणि चिंताग्रस्त माणसाला ते सोसायला सोपे जातात. पुण्याच्या केंद्राशी बोलून उजवी बाजू ठरली.

पाटल्या मोडल्या नाहीत, गहाण ठेवल्या. विमा कंपनीकडे अर्ज केला. रुग्णालयात भरती नव्हती म्हणून नाकारला गेला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, शारीरिक आजाराला लागू असलेल्या अटींवरच मानसिक आजाराला विमा मिळाला पाहिजे. पण ज्या उपचारात भरतीच करावी लागत नाही, तिथे कायद्याचं हे वाक्य रुग्णाच्या हाती काही देत नाही. याचा मला राग येतो. बरं व्हायला महिनाभर रोज तास-दीड तास लागतो, आणि नियम विचारतो, पलंगावर किती तास झोपलात?

मागवाल्यासाठी दोन जास्तीच्या तपासण्या

चुंबक लावण्याआधी सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारतात: फिट आली होती का, डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लियर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, दारू किती, झोप किती. यांच्या बाबतीत दोन गोष्टी मी केंद्राला वेगळ्या कळवल्या. शेडमध्ये ते स्वतः वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करत. डोळ्यात लोखंडाचा कण कधी गेला होता का? "जाऊन जाऊन गेला हाय की. काडीनं काढतो आम्ही." डोळ्यांच्या खोबण्यांचा एक्स-रे काढला, कण उरलेला नव्हता.

दुसरी गोष्ट कान. मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्यांना ऐकायला कमी येतं, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. वेटोळ्याचा प्रत्येक ठोका कानाशी मोठा टक्कन आवाज करतो. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, यांना वरच्या पट्टीतले आवाज बरेच कमी ऐकू येतात असं निघालं. म्हणून प्रत्येक बैठकीत कानात बोळे सक्तीचे. ज्या माणसाने मागावर कधी कानात कापूसही घातला नव्हता, तो आता स्वतःच्या कामगारांसाठी बोळ्यांची डबी घेऊन आला आहे. आमच्या उपचारात हे नव्हतं, पण झालं.

क्लोनाझेपामची मात्रा त्या महिन्यात तशीच ठेवली. या गटातली औषधं घेणाऱ्यांना चुंबकाचा फायदा कमी होतो असं नैराश्यावरच्या काही अभ्यासांत दिसलं आहे. पण ती मध्येच झपाट्याने कमी केली तर फिटचा धोका वाढतो. दोन वाईटांत स्थिर मात्रा बरी.

हडपसरचा महिना

सोलापूर ते पुणे साधारण २५० किलोमीटर. रेल्वेत दार बंद झालं की अटॅक येईल या भीतीने ते गाडीने गेले, मुलाबरोबर. टेंभुर्णीला थांबले, भिगवणला थांबले, दोन्हीकडे खाली उतरून चालले. गोळी घेतली नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकाची मात्रा ठरवतात. वेटोळं डोक्यावर जरा मागे, हाताच्या हालचालीच्या भागावर धरतात आणि अंगठा उडेल इतपत जोर शोधतात. उजव्या बाजूचा उपचार, म्हणून डावा अंगठा. त्यांनी मला फोनवर सांगितलं ते असं: हात मांडीवर सोडून बसलो होतो, टक्क झालं आणि अंगठा आपला आपण उडाला. मी उडवला नाही. परत टक्क, परत उडाला. त्यांना भीती वाटली नाही, कुतूहल वाटलं. स्वतःच्या शरीरात आपण न करता काहीतरी घडतंय आणि त्याचा अर्थ मरण नाही, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच अनुभवलं. माझ्या स्ट्रॉच्या आणि जिन्याच्या व्यायामांचा हेतू हाच होता.

मग वेटोळं पुढे, कपाळाच्या उजव्या वरच्या बाजूला. जोर त्या मोजलेल्या मात्रेच्या ११० टक्के, सेकंदाला एक ठोका, १८०० ठोके, म्हणजे बरोबर अर्धा तास. आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे.

दुसऱ्याच बैठकीत अटॅक आला. खुर्चीत, डोकं टेकवलेलं, उठता येत नाही, खोलीचं दार लावलेलं. ठरल्याप्रमाणे हात वर केला. तंत्रज्ञाने मशीन थांबवलं, पण खुर्चीतून उठवलं नाही, पाणी पाजण्याची घाई केली नाही. "बसा, उतरू द्या," एवढंच म्हणाला. उतरल्यावर उरलेले ठोके त्याच दिवशी पूर्ण केले. या मुलाचं मला फार कौतुक वाटतं. त्याने घाबरून बैठक रद्द केली असती तर पूर्ण महिना त्या खुर्चीच्या भीतीत गेला असता.

त्रास म्हणाल तर पहिला आठवडा डोकेदुखी, पॅरासिटामॉलने थांबणारी, आणि ठोक्याबरोबर भुवईचं फडफडणं. तिसऱ्या आठवड्यात तेही जाणवेनासं झालं.

आमच्या बैठका व्हिडिओवर चालू होत्या. उपचार मशीन करतंय, आपण नुसतं बसायचं, हा भाव मला येऊ द्यायचा नव्हता. पहिले दोन आठवडे केंद्रात जायला भाच्याची गाडी. तिसऱ्या आठवड्यापासून पीएमपीची बस, बायको बरोबर. चौथ्यात बस, एकट्याने, गर्दीच्या वेळी.

वहीत काय दिसलं

चार आठवड्यांनी पॅनिकचे गुण १२ वरून ७ वर. नैराश्याच्या मोजपट्टीवर निम्म्याहून जास्त उतार. दोन महिन्यांनी पॅनिक ४.

गुणांपेक्षा मला त्यांची वही जास्त सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत पहाटेची जाग तीनवरून साडेपाचवर गेली, जेवण वाढलं, बायकोशी भांडण झालं (ती म्हणाली, "भांडले तवा बरं वाटलं बघा, इतके दिवस नुसते गप बसायचे"). पण अटॅकची संख्या त्या पंधरवड्यात होती तेवढीच राहिली. ती कोसळली तिसऱ्या आठवड्यात, बस सुरू झाल्यावर.

यावरून मी माझा अंदाज सांगते, आणि तो एका माणसापुरता आहे. चुंबकाने झोप आणि मन वर उचललं असावं. वर आलेल्या मनाने तो माणूस बसमध्ये चढू शकला. आणि पॅनिक बसमध्ये मोडलं. याला विरोधी गोष्टीही खऱ्या आहेत. वेनलाफॅक्सिनचा उशिरा आलेला परिणाम त्याच काळात पडू शकतो. महिनाभर सावकाराचे फोन अक्का उचलत होत्या, बंद माग डोळ्यांसमोर नव्हते, हाही उपचारच. बंद दाराच्या खोलीत, हलता न येणाऱ्या खुर्चीत रोज अर्धा तास बसणं हा मी मुद्दाम आखला असता तर याहून चांगला सराव आखू शकले नसते. खोट्या चुंबकाच्या गटातले रुग्ण सुधारतात ते यानेही असेल. पॅनिकवरच्या पुढच्या चाचण्यांमध्ये खुर्चीतला हा सराव वेगळा मोजायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

मशीनने बरं झालं, असं अक्का सगळ्यांना सांगतात. त्यांच्या ओळखीतली तीन कुटुंबं आता माझ्याकडे तोच व्हिडिओ घेऊन येऊन गेली. तिघांनाही मी आधी तेच विचारलं: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, आणि जिना चढवून कुणी बघितलं का? दोघांच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ होतं. त्या दोघांना पुण्याला जायची गरज आज तरी नाही.

पुढे काय

सोलापूरला परतल्यावर शेडचं दार हा मोठा टप्पा होता. आधी माग बंद असताना आत, मग एक चालू, मग चार. जानेवारीत अक्षता सोहळ्याला गेले. गर्दीच्या कडेला नाही, मध्ये उभे राहिले. धडधडलं, आणि उतरलं. मला फोन करून सांगितलं ते एवढंच, "फ्लायव्हील थांबलं, मॅडम."

सगळं संपलेलं नाही. आठापैकी दोन माग विकले, कर्जाची पुनर्रचना अजून व्हायची आहे, आणि पैशाचा ताण आला की पहाटेची जाग परत येते. पाकिटातली पट्टी आहे. क्लोनाझेपाम आता दर काही आठवड्यांनी पाव गोळीने कमी होतंय. वेनलाफॅक्सिन निदान वर्षभर चालू राहील. पुण्याच्या केंद्राने महिन्याला एक देखभालीची बैठक सुचवली होती. पॅनिकसाठी अशा बैठकांना आज आधार नाही आणि प्रत्येक फेरीला खर्च आहे, म्हणून आम्ही ती सध्या नाकारली. नैराश्याचे गुण पुन्हा ठरावीक रेषेच्या वर गेले आणि औषधांत बदल करूनही उतरले नाहीत, तर पुन्हा केंद्राशी बोलायचं. ती रेषा कोणती, हे त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे, आणि महिन्यातून एकदा बायको त्यांच्याकडून मोजपट्टी भरून घेते.